पुरणाचा वास नव्हे तो

मित्रांनो, मी एक जुना गोठा आहे. सातासमुद्रापार, ओकव्हिल शहराच्या बाहेर, मक्याच्या शेतांच्या कडेला उभा आहे. पण मला नुसता गोठा म्हणू नका हं, राग येतो मला! राणी व्हिक्टोरियाच्या काळात एका हौशी श्रीमंताने मला 'आदर्श गोठा' म्हणून बांधलं. लांबलांबचे शेतकरी घोडागाड्या जुंपून मला बघायला येत आणि तोंडात बोटं घालत.

का नाही घालणार? माझा तळमजला दगडी, तिथे गायी. त्यावर गवताचा लाकडी माळा. मागच्या अंगाने मातीचा चढ असा घातलेला, की भरलेली गाडी थेट माळ्यावर जायची. वरच्या भोकातून गवत ढकललं, की गायीच्या पुढ्यात पडायचं. पण माझी खरी शान म्हणजे हवा. माळ्याच्या विटांच्या भिंतींत जाळ्या, छपरावर झडपांची घुमटी. मला बांधणारा गवंडी म्हणायचा, "ओलं गवत कोंडलं, तर ते आपणहून तापतं आणि पेटतं. त्याला वारा द्या." त्याचं हे बोलणं मला अजून पाठ आहे.

पुढे गायी गेल्या, कबुतरं आली. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघेना. मग आत्ताच्या मालकांनी मला रंग दिला, खाली हॉल केला, एसी बसवला. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून जाळ्या बुजवल्या, झडपा मिटल्या. झडपा उघडायची दोरी तेवढी हॉलच्या कोपऱ्यात लोंबत राहिली. गेल्या महिन्यात शोभेसाठी गवताचे गठ्ठे आणले, तेही पावसात भिजलेले! उरलेले सगळे माझ्या माळ्यावर कोंबले. तेव्हापासून माझ्या पोटात काहीतरी तापतं आहे, आणि मला ओरडता येत नाही.

आज इथे तान्हा पोळा आहे. शेजारच्या मिसिसागा शहरातल्या नागपूरकर मंडळींनी हॉल घेतला आहे. लाकडी बैलांना झुली घालून, शिंगांना बेगड लावून मुलं ते ओढत माझ्या फरशीवर फिरत होती. किती वर्षांनी माझ्यात बैल आले, लाकडी का होईनात! मला आनंद व्हायला हवा होता. पण वर गठ्ठ्यांच्या गाभ्यात आग धुमसू लागली होती, आणि तिचा वास गोडसर होता, गूळ करपल्यासारखा.

"अहाहा, काय पुरणाचा वास सुटलाय!" मंडळाचे रविकांत म्हणाले. "माधवीने यंदा कमाल केली बुवा."

"माझ्या दोन पोळ्या बाजूला ठेवा!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

अहो, पुरणाचा वास नव्हे तो! मी तुळया करकरवल्या. जुनं लाकूड आहे, वाजणारच, असं म्हणून त्यांनी तेही हसण्यावारी नेलं.

"बाबा, इट्स सो हॉट इन हिअर," रविकांतांची सलोनी कुरकुरली.

"एसीत दम नाही. थांब, वरची झडप ओपन करतो," म्हणत रविकांतांनी दोरी हातात घेतली.

मित्रांनो, ती दोरी कोणीतरी ओढावी म्हणून मी वर्षानुवर्षं झुरलो होतो. आज मात्र ती ओढू नये, असं झालं मला. आता वारा आत शिरला असता, तर धुमसणारं गवत भडकन पेटलं असतं. आणि खाली मुलं होती.

तेवढ्यात त्यांची बायको माधवी दारातून आत आली आणि थबकली. "पुरण कोण गरम करतंय?"

"कोण म्हणजे? तूच ना?"

"अरे, पोळ्यांचे डबे अजून गाडीतच आहेत!"

गवत ढकलायच्या जुन्या भोकातून धुराची बारीक रेघ खाली उतरली.

"रवी, सोड ती दोरी! आधी पोरं बाहेर!" माधवी ओरडली.

एकच धावपळ उडाली. सलोनी बैलासाठी मागे वळली, तर माधवीने तिला उचलूनच नेलं. बैल माझ्यापाशी राहिले.

दूर बंबाचा भोंगा वाजतो आहे. तो वेळेत पोचेल का, कोण जाणे. मित्रांनो, जुन्या वास्तूला खुशाल रंग द्या, तिथे सण करा. पण तिच्या भिंतीतलं भोक बुजवण्याआधी ते कोणी आणि कशासाठी ठेवलं, एवढं विचारा.

रविकांत, शेवटचे तुम्हीच उरलात. आयुष्यभर मी वारा मागत आलो. आज एवढंच मागतो, जाताना दार ओढून घ्या.