आत कोण आहे?

"काका, मेलेल्याला किती वेळ हाका मारायच्या?" शेजारच्या टेबलावरच्या चष्मिशने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"चावू नकोस गं. कामाचाच प्रश्न आहे," मी म्हटलं.

होताच. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात, म्हणजे कर्नेलमध्ये, हात घालून मी माझं पोट भरतो. नेटवर्कवर एक फाईल दहा जण वापरतात. लिहायला बसलेला आतून कडी लावतो, बाकीचे बाहेर ताटकळतात. संडासासारखंच. पण आतला कॉम्प्युटर कडी लावूनच बंद पडला तर? आमचा येडा सर्व्हर विचारत बसायचा, "आहेस का?" उत्तर नाही. परत, "आहेस का?" बाहेरची रांग तशीच. गिऱ्हाईक बोंबलत होतं, दुरुस्ती आजच द्यायची होती.

"दीड मिनिट," मी म्हटलं. "तेवढ्यात परत आला तर कडी त्याची. नाहीतर काढून टाकायची."

"आणि नंतर उगवला तर?"

"तर म्हणायचं, राजा, गाडी गेली."

सगळे खिदळले. मीही. हसणं चालू आहे माझं.

मी टेस्टच्या मशीनची वायर उपटली. दीड मिनिटाने फाईल दुसऱ्याला मिळाली. चष्मिशने टाळी मागितली, दिली. आवाज झाला, हाताला काही कळलं नाही.

घरी आलो तर लेक उशी आणि पुस्तकं घेऊन बंद खोलीपाशी उभी. बायको आजारपणात या खोलीत होती. ती गेल्यावर मी बाहेरून कडी लावली. लेक हॉलमध्ये झोपते, तिथेच परीक्षेचा अभ्यास करते. खोली कधीची मागतेय. मी आपलं, "थांब जरा."

"बाबा, आज तरी?"

बायको असताना मी दार वाजवायचो, फौजदारी आवाजात. "आत कोण आहे?" ती आतून ओरडायची, "कुणी नाही!" मग मी म्हणायचो, "मग बोललं कोण?" रोजचा फालतूपणा.

मी दार वाजवलं. "आत कोण आहे?"

घड्याळाकडे बघत दीड मिनिट उभा राहिलो. वाटलं, पोरगी आता चिडणार. तिने उशी या काखेतून त्या काखेत घेतली.

"कुणी नाही, बाबा," ती हळूच म्हणाली.

मी कडी काढली आणि तिला आत जायला बाजूला झालो.