सातवी ओळ

भाईदासच्या फाइलीत अकरा ओळी होत्या, आणि त्या अकरा ओळींत 'हो' म्हणायच्या चार रीती होत्या.

यात भाईदासचा एकट्याचा दोष होता असं म्हणता येणार नाही. धुळ्याबाहेर महामार्गालगत बन्सीलालशेठचा सॉल्व्हंटचा कारखाना होता. घाण्यातून निघालेल्या सरकीच्या ढेपेत उरलंसुरलं तेल काढायला तिथे पेट्रोलसारखा एक द्रव वापरत. त्याची वाफ जड. ती वर जात नाही, आवारातल्या सांडपाण्याच्या खड्ड्यात उतरून बसते आणि माणसाला श्वास पुरू देत नाही. म्हणून खड्ड्यात वाफ ओळखणारी एक डबी होती, डबीला घंटा होती, आणि घंटा, पंखे, पंप या सगळ्यांवर लक्ष ठेवायला १९८९ पासून कॉम्प्युटर होता. कॉम्प्युटरवर लक्ष ठेवायला भाईदास होता. जळगावचा बी.एस्सी., वर पुण्याचा सहा महिन्यांचा कोर्स.

काय चालू ठेवायचं आणि काय बंद, हे त्या अकरा ओळींत लिहिलेलं असे. पहिल्या तीन भाईदासने लिहिल्या. तिथे हो म्हणजे १, नाही म्हणजे ०. पुढच्या तीन मुंबईहून आलेल्या इंजिनिअरने लिहिल्या. त्याला १ आणि ० गावठी वाटले, त्याने इंग्रजी वाय आणि एन घातले. शेवटच्या चार ओळी ऑन-ऑफच्या, कारण त्या एका पुस्तकातून जशाच्या तशा उतरवल्या होत्या. कोणाचा गोंधळ होऊ नये म्हणून भाईदासने पुढे सोय केली, की १ लिहा, वाय लिहा, ऑन लिहा, कुठल्याही ओळीत चालेल. या उदारपणाचं त्याला कौतुक होतं.

राहिली सातवी ओळ. एका हंगामात घंटा उगाचच वाजायची. शेठ म्हणाले, "हिला गप्प करायची काहीतरी सोय कर." भाईदासने सातवी ओळ घातली : 'घंटा बंद'. तिथे १ लिहिलं की घंटा गप्प. घंटा वाजायला हवी असेल तर शून्य. बाकी दहा ओळींत हो म्हणजे चालू, आणि हिच्यात हो म्हणजे बंद. हे सरळ करायला हवं, असं भाईदास तीन वर्षं दर महिन्याला ठरवत होता.

१९९२ च्या दसऱ्याला कारखान्यात रीतीप्रमाणे यंत्रांची पूजा झाली. बॉयलरला हार, पंपांना हळदकुंकू, आणि कॉम्प्युटर तर पाहुण्यासारखा, म्हणून त्याला जरा जास्तच. कुंकू फ्लॉपीत गेलं. फ्लॉपीत त्या अकरा ओळी होत्या. आरती झाल्यावर जीवरामनानांनी यंत्र सुरू केलं, तर पडद्यावर अकरा नावं आली आणि त्यांच्यापुढे काहीच नाही.

नाना पारोळ्याकडचे, पाळीवरचे ऑपरेटर, सव्वीस वर्षं नोकरीत, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. त्यांनी जळगावला भाईदासच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन लावला. भाईदास खापरावरची पुरणपोळी अर्धी टाकून आला, घास तोंडात तसाच.

"भाऊ, बठ्ठं कोरं व्हई गयं. काय टाकू?"

"एक टाका नाना."

"बठ्ठास्ले? कोठे शून्य बिन्य?"

"दसऱ्याच्या दिवशी शून्य कशाला टाकता? सगळ्यांना एक. मी परवा येतोच."

दोघंही हसले. भाईदास परत जाऊन पाटावर बसला आणि आणखी दोन पोळ्या जेवला. हा आकडा पुढे कायम त्याच्या लक्षात राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खड्डा साफ करायची पाळी उखर्डू नावाच्या मजुराची होती. घंटा वाजत नाही हे बघायचं आणि मग उतरायचं, अशी तिथली पद्धत. उखर्डूने बघितलं. घंटा वाजत नव्हती. तो उतरला. चहाची वेळ झाली तरी वर आला नाही, तेव्हा लोकांनी वाकून बघितलं. चोवीस वर्षांचा होता.

भाईदास त्याच संध्याकाळी धुळ्याला आला. सातवी ओळ बघायला त्याला कॉम्प्युटर लावायचीही गरज नव्हती.

त्याने फाइल दुरुस्त करायला घेतली, तर शेठच्या वकिलांनी हात धरला. "आज दुरुस्त केलं, तर काल नादुरुस्त होतं असा अर्थ निघतो. चौकशी संपेपर्यंत हात लावायचा नाही." त्यामुळे ज्या फाइलीने माणूस मारला, ती पुढचे पाच महिने तशीच चालली, फक्त सातव्या ओळीत शून्य घालून, वर कागद चिकटवला : 'हात लावू नये'.

नानांना निलंबित केलं. पोलीस दोनदा घरी जाऊन आले. शेठनी भाईदासला केबिनमध्ये बसवून चहा दिला, जो एरवी ते फक्त व्यापाऱ्यांना देत.

"हे बघ, आकडे टाकले जीवरामने. तू तर इथे नव्हतासच."

"ते फोनवर..."

"सणासुदीला लोक शंभर फोन करतात. तुझं नाव आलं की प्रोग्रॅमचं येतं, प्रोग्रॅमचं आलं की माझं. मग कारखाना बंद, दीडशे घरं बसली. त्यापेक्षा एक बसलेलं बरं. चहा घे, गार होतोय."

चौकशी धुळ्यातल्या एका सरकारी कचेरीत झाली. अधिकाऱ्यांपुढे छापील तक्ता होता. प्रत्येक प्रश्नापुढे दोन चौकोन, होय आणि नाही. बाहेर बाकावर नाना आधीच येऊन बसले होते, धुतलेली टोपी घालून. भाईदासला जागा देत म्हणाले, "भाऊ, एकच सांग. मन्ही चूक शे का?"

"नाही नाना."

"मंग जाय. तेच सांग मझार."

आत प्रश्न भराभर झाले. दसऱ्याला आकडे जीवराम यांनी टाकले? होय. टाकण्याचा अधिकार त्यांना होता? होय. सातव्या ओळीत एक टाकल्याने घंटा बंद झाली? होय.

भाईदासला वाटलं, आपण खरंच बोलतोय. एकही उत्तर खोटं नाही. आणि प्रत्येक होयबरोबर नाना खड्ड्यात एकेक पायरी उतरताहेत.

"जीवराम यांचं म्हणणं, तुम्ही फोनवर तसं सांगितलंत. सांगितलं होतं?"

पंखा फिरत होता. अधिकाऱ्यांनी पेन चौकोनांच्या वर धरलं होतं. भाईदासने तोंड उघडलं आणि त्याला वाटलं, आता आपण सांगणार. सातवी ओळ, शेठची घंटा, तीन वर्षांचा आळस, सगळं सांगणार. ते सांगायला निदान दहा मिनिटं लागली असती, आणि चौकोन पावली-आणेलीएवढा होता.

"बोला. मला अजून दोन केसेस आहेत."

तो बोलला नाही.

"म्हणजे नाही," अधिकारी म्हणाले, आणि त्यांनी खूण केली.

परतीला दोघांना एकच जळगाव गाडी मिळाली. भाईदास मागे उभा राहणार होता, पण नानांनी पिशवी उचलून शेजारची जागा दिली. मुकटी गाव मागे पडल्यावर नानांनी विचारलं,

"मन्हा फोनना ईषय निंघना व्हता का?"

"निघाला होता."

नाना बाहेर बघत हळूच म्हणाले, "तू त्या दिन जेवी राहिंता. घास तोंडमा व्हता. तुले याद नही ऱ्हायनं व्हई."

ते रागावले असते तर भाईदासला जमलं असतं. त्याची तयारी होती. पण ही वाट म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने झाडून दिली होती, आणि भाईदास तिच्यावरून चालत गेला.

"हो नाना. नसेल राहिलं."

"हां," नाना म्हणाले. पारोळ्याला उतरताना त्यांनी मागे बघितलं नाही.

मार्चमध्ये हुकूम आला. जीवराम बडतर्फ, सव्वीस वर्षांच्या ग्रॅच्युइटीवर पाणी, वर निष्काळजीपणाचा खटला. वकिलांनी निरोप पाठवला, की आता दुरुस्तीला हरकत नाही. भाईदास सकाळी बसला. अकराही ओळींत १ म्हणजे चालू आणि ० म्हणजे बंद, दुसरं काही लिहिलं तर यंत्र घेणारच नाही. सातव्या ओळीचं नाव केलं 'घंटा'. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली.

शेठनी पडदा बघितला. त्यांना त्यातलं काही कळत नसे, पण सगळे आकडे एका रांगेत दिसले याचं समाधान वाटलं.

"आता कोणाची चूक होणार नाही ना?"

"नाही," भाईदास म्हणाला. या वेळी त्याला विचार करावा लागला नाही.