उत्तरापुढची सही

बायकोला इंग्रजी शिकवण्यापेक्षा भिंतीला शिकवणं सोपं, असं मी रागाच्या भरात बोलून गेलो. तिने शांतपणे विचारलं, "मग परीक्षेला भिंत बसणार आहे का?"

ती रुग्णालयात नर्स. बावीस वर्षं वॉर्डात उभं राहून गुडघे कामातून गेलेले. मुख्य नर्स झाली तर टेबलाशी बसून काम. त्यासाठी इंग्रजीचा पेपर पास होणं भाग, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. मी क्लासमध्ये हेच शिकवतो, म्हणून हे लोढणं आपसूक माझ्या गळ्यात.

वाक्प्रचारांनी तर माझा जीव खाल्ला. 'कॅपेबल'नंतर 'ऑफ'च का, 'टू' का नाही, हे ती रोज विचारायची. तसंच म्हणतात म्हणून, हे उत्तर तिला पटायचं नाही. कारण न लिहिता औषध बदललं तर आम्हाला नोटीस मिळते, म्हणायची. मग ती वाक्यं, ज्यात तीन कामं एकाच साच्यात बसवायची असतात. 'टू क्लीन, टू चेक अँड रायटिंग'वर ती बिनदिक्कत बरोबरची खूण करायची आणि मी डोक्याला हात लावायचो.

शेवटी एक दिवस मी वही आपटली. म्हटलं, "वॉर्डात कशी करतेस कामं? एकेक तपासून, न चुकता? अगदी तस्संच कर इथे." काय झालं कोण जाणे, त्या दिवसापासून तिची उत्तरं बरोबर यायला लागली.

पेपर देऊन ती हसत घरी आली. निकालात मात्र तिच्या नंबरापुढे 'रद्द'. मी तणतणत परीक्षा कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने उत्तरपत्रिका पुढे सरकवली आणि नियमावर बोट ठेवलं: ओळख पटेल अशी कुठलीही खूण चालणार नाही. प्रत्येक उत्तरापुढे तिची बारीक सही होती, आणि वेळ. वॉर्डात सही नसलेलं काम झालं असं धरतच नाहीत. मी उभ्या उभ्या साठच्या साठ उत्तरं तपासली. दोनच चुकली होती.

घरी येऊन सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "'कॅपेबल'चं बरोबर आलं होतं?" मी हो म्हटलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि उद्याच्या गणवेशाला इस्त्री करायला लागली. 'तूच म्हणाला होतास' असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला भांडता तरी आलं असतं.