हनुवटीवरचं बोट

दाक्षायणीची मान गेल्या दिवाळीपासून उजवीकडे ओढली जात होती. आधी नुसती कळ यायची, मग मान आपोआप वळू लागली, आणि संक्रांत येईपर्यंत समोरच्या माणसाशी बोलायचं तर तिला सगळं अंगच फिरवून उभं राहावं लागे. अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात ती शाळेचे गणवेश शिवायची. एकदा सुई बोटात घुसली, तेव्हा मालकानं तिला मशीनवरून उठवून बटणं लावायला बसवलं. गोळ्या झाल्या, गळ्याला पट्टा झाला, सासूबाईंनी दृष्टही काढली. मान काही ऐकेना.

एकच गोष्ट तिला स्वतःची स्वतः सापडली होती. हनुवटीला बोट टेकवलं की मान सरळ व्हायची. जोर लावायचा नाही, नुसतं टेकवायचं. बोट काढलं की मान पुन्हा गेलीच.

हेच तिच्या मुळावर आलं.

एका सकाळी ती असं बोट टेकवून ओट्यापाशी उभी होती, दूध उतू जाऊ नये म्हणून बघत. तिचा नवरा प्रभू दारात होता. त्यानं गुपचूप मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘कोणी बघत नसलं की मान बघा कशी सरळ. कामाचा कंटाळा, दुसरं काय!’ दिरांनी, नणंदांनी हसणारे चेहरे पाठवले.

दाक्षायणीनं तो व्हिडिओ जेवणाच्या सुट्टीत पाहिला. तिची कानशिलं तापली. ज्या माणसाला ती रोज रात्री ‘जरा मान चोळून द्या हो’ म्हणून विनवत होती, त्यानं हे केलं होतं. रडू आलं नाही. तिनं डबा तसाच बंद केला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षा धरून फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तिथं जायला कधीच सांगितलं होतं. प्रभूच म्हणाला होता, “व्यायाम काय, घरात झाडू मार की.”

तिथल्या फिजिओथेरपिस्ट राहत मॅडमनी तिला आरशासमोर बसवलं आणि थोडा वेळ नुसतं पाहिलं. मग विचारलं, “ताई, चेहऱ्याला कुठं हात लावला की बरं वाटतं का?”

दाक्षायणी चमकली. हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तिनं बोट टेकवलं. मान सरळ झाली.

“वाटलंच,” राहत म्हणाल्या. त्यांनी तिचाच हात तिच्या गळ्याच्या डाव्या बाजूला ठेवला. कानामागून छातीच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा स्नायू दोरखंडासारखा टणक लागला. “हा डावा आखडला की तोंड उजवीकडे वळतं. दोष स्नायूचा नाही, त्याला मेंदूकडून चुकीचा हुकूम येतोय. बोट लावलं की तो हुकूम थोडा वेळ सैल पडतो. या आजाराची खूणच आहे ती.”

“आन् ह्यालाच आमच्या घरचे नाटक म्हणत्यात!” दाक्षायणी एवढ्या मोठ्यानं ओरडली, की शेजारी खांद्याचा व्यायाम करणारे आजोबा हात वर धरूनच थांबले.

“उद्या त्यांना घेऊन या,” राहत म्हणाल्या.

प्रभू आला, पण कपाळाला आठ्या घालून. राहत मॅडमनी त्याला सगळं पहिल्यापासून समजावलं. मेंदूच्या डॉक्टरांकडून त्या स्नायूत इंजेक्शन घ्यावं लागेल, सोबत इथं व्यायाम. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, “ते ठीक हाय मॅडम, पण हिनं मनावर घेतलं तर थांबेल की.”

दाक्षायणी ताडकन उठली. “वळवा मान. उजवीकडं. आन् तशीच ठेवा, मॅडमचं बोलणं होईस्तोवर.”

“हितं? लोकांसमोर?”

“हितंच.”

राहत मॅडम समोर असल्यानं त्याला नाही म्हणता येईना. मान वळवून तो बसला. राहत मॅडम काही न झाल्यासारख्या व्यायाम सांगत राहिल्या. थोड्याच वेळात तो चुळबुळला, मग खांदा उचलू लागला, मग मान सोडून गळा चोळत म्हणाला, “लई दुखतंय.”

“तुमाला सोडता येती,” दाक्षायणी म्हणाली. “मला न्हाई येत. झोप लागेस्तोवर न्हाई येत.”

घरी आल्यावर तिनं सांगितलं, “ग्रुपवर लिवा, तुमचं चुकलं म्हणून.”

“आता कशाला उकरून काढायचं? मी काय मुद्दाम केलं?”

मग तिनंच ग्रुपवर बोलून पाठवलं. आजार काय, बोट का लावते, सगळं. शेवटी म्हणाली, “हसलेल्यांनी परत एकदा हसून दाखवा.” संध्याकाळी फक्त एका नणंदेनं जोडलेले हात पाठवले. त्या हातांचाही तिला संताप आला.

इंजेक्शननं मान बरीच सैल झाली. पूर्ण नाही, पण तिला मशीनवर बसता येऊ लागलं. घरी ती रोज आरशासमोर मान हळूहळू डावीकडे वळवायचा व्यायाम करी. प्रभू म्हणे, “मॅडमनी दाखवलं तसं खांदे धरू का?” ती म्हणे, “नको.”

एकदा सासूबाई म्हणाल्या, “बरं व्हायलंय की आता. राग सोड आता, बाई.”

“बरी व्हायली ती मान,” दाक्षायणी म्हणाली, आणि पुन्हा आरशाकडे वळली.