कॉफीबरोबरचा छोटा पेला

"आणि तुमचंही बंद," असं डॉक्टर यागोडा माझ्याकडे बघून म्हणाल्या, तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. म्हटलं, माझ्या पाठीमागे कुणी उभं असेल. कुणी नव्हतं.

"माझं काय बंद?"

"राकिया, वाईन, बिअर, सगळं. घरात थेंब नको आणि घरातल्या कुणाच्या पोटातही नको. मिलिसाव एकटा बरा होत नसतो, घर बरं व्हावं लागतं."

काय म्हणावं या बाईला! दारुडा माझा नवरा. तो बघा, शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसलाय. मी त्याला ओढत इथवर आणला आणि ही मलाच पथ्य सांगते!

"अहो डॉक्टर, मी पीतच नाही," मी म्हटलं.

"अजिबात नाही?"

"सकाळी कॉफीबरोबर एक छोटा पेला. ते काही पिणं नव्हे. ते रक्ताभिसरणासाठी. माझी आई घ्यायची, आजी घ्यायची. आजी चौऱ्याण्णव वर्षं जगली."

खोलीत आणखी चार जोडपी बसली होती. त्यातल्या बायका खुदकन हसल्या. एक जण म्हणाली, "माझा पचनासाठी होता." मी तिच्याकडे असं बघितलं की ती पुन्हा तोंड उघडायला धजली नाही.

आम्ही त्या खोलीत पोचलो कसे, ते सांगते. सांगितलं की सगळे मलाच बोल लावतात, पण सांगते.

मिलिसाव लाकडाच्या गिरणीत कामाला. एकोणीस वर्षं पितोय, आणि पितोय म्हणजे उठल्याबरोबर. ऑगस्टात माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बास झालं, मी याला घरीच बरा करते. तळघरातली अठरा लिटर राकिया मी गटारात ओतली. आमच्या चाचाक शहराच्या बाजूला आलुबुखाराची घरची राकिया ओतून देणारी बाई म्हणजे महापापीच! शेजारीण कुंपणावरून बघत होती आणि छातीवर क्रूस काढत होती. आमचा कूम वुकोमान, आमच्या लग्नात साक्षीदार म्हणून उभा राहिला तेव्हापासून घरचाच माणूस, त्याने तर शपथेवर सांगितलं, "तीन दिवस कोंड, घाम काढ, चौथ्या दिवशी लख्ख माणूस बाहेर येतो बघ." वर स्वतःच दाराबाहेर खुर्ची टाकून राखणीला बसला. बसला तो बसला, खिशात स्वतःची छोटी बाटली घेऊन बसला!

मी मिलिसावला मागच्या खोलीत घातलं, कुलूप लावलं आणि खिडकीतून आंबवलेल्या कोबीचं पाणी देत राहिले. पहिल्या दिवशी तो थरथरला. म्हटलं, थरथरू दे. दुसऱ्या दिवशी घामाने गादी भिजली. भिंतीवर कोंबड्या चालताहेत म्हणून ओरडायला लागला. मी बाहेरून ओरडले, "नाटकं पुरे!" तिसऱ्या दिवशी दुपारी धाडकन आवाज आला. दार उघडलं तर माणूस जमिनीवर ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरने विचारलं, "अचानक सगळी बंद कुणी केली?"

"मी," मी म्हटलं. मला वाटलं, शाबासकी देतोय.

"मेला असता तो! एवढी वर्षं दारूवर चाललेलं शरीर. एका झटक्यात काढून घेतलीत तर मेंदू पेटतो. झटके येतात, भ्रम होतो, हृदय थांबतं. याला औषधं लागतात, तीही हळूहळू कमी करत आणायची. सलाईन, जीवनसत्त्वं, नाडी बघायला माणूस लागतो. कुलूप नाही लागत!"

"पण पिणं हाच रोग, तर न पिणं हाच उपाय ना?"

"न पिणं हाच उपाय आहे, बाई. फक्त तिथवर जिवंत पोचायला हवं."

असा राग आला मला त्याचा! खरं बोलत होता म्हणून जास्तच आला.

दहा दिवस इस्पितळात ठेवलं. मग म्हणाले, आता काय करायचं ते तुम्ही ठरवा. तीन महिने वॉर्डात राहायचं, नाहीतर घरी राहून दर गुरुवारी गटाला यायचं. रोज सकाळी एक गोळी, पाण्यात विरघळवून, माझ्या डोळ्यांदेखत. ती गोळी पोटात असताना दारू घेतली तर माणूस लालबुंद होतो, छाती धडधडते, जीव जातो की राहतो असं होतं. पण गोळीने प्यायची ओढ काही जात नाही, असं डॉक्टर यागोडांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. ओढ कमी करायची औषधं वेगळी, ती पुढे बघू म्हणाल्या. आणि घरचं माणूस बरोबर आलं नाही तर गटात घेतच नाहीत. मिलिसाव मला म्हणाला, "नेवेंका, वॉर्डात मी एकटा पडेन. तू येशील ना?" त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी हो म्हटलं. गटातून काढलं तर तो पुन्हा त्या तळघरात उतरणार, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि दुसऱ्यांदा तो वाचला नसता.

म्हणून मी सही केली. माझा पेला बंद. हसतच केली सही. मला काय, मी कुठे पीत होते!

दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. तिसऱ्या दिवशी झोप उडाली. घामाने अंगातला सदरा पाठीला चिकटायचा. कोंबड्यांवर ओरडले, पोस्टमनवर ओरडले, टीव्हीवरच्या हवामानवाल्या पोरीवर ओरडले. सगळा दोष मी वाऱ्याच्या झोताला दिला. घरातल्या दोन खिडक्या समोरासमोर उघड्या राहिल्या की माणूस आजारी पडतो, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं. मी सगळ्या खिडक्या बंद केल्या. मिलिसाव नुसता बघत होता. "काय बघतोस?" मी खेकसले. "काही नाही," म्हणाला, आणि त्याने चहा करून दिला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!

गटात एक रीत आहे. आपले दिवस आपण सांगायचे नाहीत, जोडीदाराने सांगायचे. डॉक्टर यागोडा म्हणतात, स्वतःच्या दिवसांबद्दल सगळेच खोटं बोलतात. मी दर गुरुवारी त्याचे सांगायची, चौदा, एकवीस, अठ्ठावीस. तो माझे सांगायचा, सात, चौदा. सगळे टाळ्या वाजवायचे. मला कशाच्या टाळ्या, म्हणून मी वैतागायची.

तिसऱ्या आठवड्यात वुकोमान उगवला. गावात भट्ट्या लागल्या होत्या, सगळीकडे आलुबुखाराचा आंबूस वास. त्याने यंदाची पहिली धार बाटलीत भरून आणली होती.

"मिल्या, नुसती जिभेवर ठेव आणि थुंकून टाक. तुझ्याशिवाय कुणाला चव कळते?"

"नको रे," मिलिसाव म्हणाला. आवाज एवढासा. पण म्हणाला.

"थुंकायचीच आहे ना! चाखणं म्हणजे काय पिणं झालं? कूमच्या हातची पहिली धार नाकारतोस? असा अपमान माझा आजवर कुणी केला नाही!"

मग मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "अपमान? तू माझ्या नवऱ्याला मारायला निघालायस आणि तुलाच अपमान वाटतो? तुझ्या त्या तीन दिवसांच्या घामानेच तो मरत होता! चल, नीघ! पाय नाही ठेवायचा माझ्या अंगणात!" तो निघाला, तोंडातल्या तोंडात शिव्या देत. मिलिसावने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी किल्ला जिंकला. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

वुकोमान बाटली अंगणातल्या बाकावरच विसरून गेला होता. मी ती ओतून टाकायलाच उचलली. ओतून टाकायलाच, देवाशपथ. कोंबड्यांच्या खुराड्यामागे गेले, बूच काढलं, आणि म्हटलं, कशी झालीय ते तरी बघू. एक घोट. डोक्यातला तो दोन आठवड्यांचा हातोडा एकदम थांबला. बाटली मी खुराड्यावरच्या पत्र्याखाली सरकवली. रोज सकाळी अंडी काढायला जायचे आणि थोडी थोडी ओतून टाकायचे. घशात. मग अजमोद्याची पानं चघळत घरात यायचे. पाच दिवस चाललं. बुधवारी संपली.

गुरुवारी खोलीत बसलो.

"मिलिसावचे?" डॉक्टर यागोडांनी विचारलं.

"पस्तीस," मी म्हटलं. टाळ्या झाल्या.

"आणि नेवेंकाचे?"

मिलिसावने घसा साफ केला. त्याला काय ठाऊक असणार, असं मला वाटत होतं. मी आधीच चेहरा हसरा केला होता.

"एक," तो म्हणाला.

कुणी टाळी वाजवली नाही. मला आधी ऐकूच आलं नाही, आणि मग असं ऐकू आलं की मी उभीच राहिले.

"अरे, लाज वाटते का तुला? एकोणीस वर्षं मी तुझ्यासाठी खोटं बोलले! गिरणीच्या मुकादमाला फोन कोण करायचं? ताप आहे, पाठ धरलीय, मावशी वारली. तुझ्या एकाच मावशीला मी तीनदा मारलंय! तुझ्या आईला सांगितलं, पोरांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं की तू दमलायस! आणि तुला माझ्यासाठी एक गुरुवार खोटं बोलता येत नाही?"

तो उठला नाही. मान खालीच होती.

"म्हणूनच नाही बोललो," तो म्हणाला.

त्या खोलीत, त्या पचनवालीच्या समोर, मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले. रागानेच रडत होते. डॉक्टर यागोडांनी पाण्याची बाटली पुढे सरकवली. मिलिसावने माझा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट धरून ठेवला. त्याचे हात अगदी स्थिर होते. थरथरत होता तो माझा.