अडलेली पुंगळी

सरावाहून आलेल्या प्रणोतीने रुमालाची गाठ सोडली आणि झाडलेल्या काडतुसांच्या तीन रिकाम्या पुंगळ्या आजोबांच्या ओंजळीत ओतल्या.

"आबा, एकही सीधी निकली नाही. रायफलचा बोल्ट अक्षरशः ठोकून उघडावा लागला. तळहात बघा, लाल झालाय."

गुणवंत आबांनी तळहात बघितला नाही. एक पुंगळी उचलून ते तिच्या बुडावरून अंगठ्याचं नख फिरवत राहिले. तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात काढलेला हा माणूस. आता मदन महाल भागातल्या घरी, मागच्या खोलीत, रीतसर परवानगी काढून नातीसाठी रायफलची काडतुसं भरायचा. निवृत्तीनंतर जगात कोणी त्यांना कामासाठी विचारत असेल, तर ते एवढ्या एकाच कामासाठी. रविवारी भोपाळला राज्याच्या नेमबाजी संघाची निवड होती आणि आज गुरुवार होता.

"बुडाशी ओरखडा हाय. ठिणगीची टोपी चपटी झाली," आबा म्हणाले. "दाब जास्त झाला, बाई. चेंबरात तेल राह्यलं होतं का?"

"नाही. एकदम कोरडं पुसलं होतं."

"डबा उन्हात ठेवला असशील."

"पागल आहे का मी? सावलीत होता, बॅगेत."

"जुन्या डब्यातले काडतूस उरले होते ना?"

"दोन होते. तेही मारून पाहिले. अच्छे से निघाले, हात लावल्याबरोबर."

आबांनी मनाशी हिशेब मांडला. जुनी सहज निघतात आणि नवी अडतात, म्हणजे रायफल निर्दोष. खोट नव्या डब्यात होती, आणि डबा त्यांच्याच हातचा होता. आपल्याच चुकीपर्यंत पोचायला अनुभवी माणसाला तीन प्रश्न पुरतात, बाकीच्यांना जन्म लागतो. अनुभवाचा फायदा एवढाच.

"नव्यातले दोन-चार उकल," ते म्हणाले. "दारू तोलून पाह्य."

प्रणोतीने एका काडतुसातली गोळी उपसली, आतली दारू छोट्या वजनकाट्यावर ओतली आणि आकडा पाहून भुवया वर केल्या.

"जास्त आहे."

दुसरं उकललं. "हेपण जास्त. पण पहिल्यापेक्षा कमी." तिसरं उकललं. "हे सगळ्यात जास्त."

"आमचे मुकादम म्हणत," आबा हळूच म्हणाले, "सगळ्यांत सारखी चूक असली त माप खोटं. प्रत्येकात वेगळी असली त हात खोटा."

प्रणोतीची नजर त्यांच्या हातांकडे गेली आणि तिने ती लगेच काढून घेतली.

"मंग माझाच हात," आबा म्हणाले. "वय झालं. यापुढं क्लबात कोणाकडून भरून घेत जाय."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. दारात मेथी निवडत बसलेल्या अंजनी आजीला ते ऐकवेना.

"खोटं काहून बोलून राह्यले?"

"तू मधात नको पडू."

"पडतेच. तिच्या तोंडापाशी काही फुटलं असतं त?" आजीने मेथीची जुडी बाजूला सारली. "पोरी, दिवाळीपासून दारू मी भरून राह्यली. यायले दिसत नाई. दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू हाय. यायनं एक माप करून देलं, मी त्यानं भरते. गोळी बसवायचं काम तेवढं हे करतात, हाताच्या अंदाजानं."

"मग माप जास्त कसं झालं?"

आजी पदराशी चाळा करत राहिली.

"माप भरलं की पत्त्याच्या पानानं वरून सपाट करायचं, असं सांगितलं होतं. दरखेपी केलं. पण यावेळी तू एवढ्या मोठ्या मॅचले चालली. परक्याले धान्य देतानाही आपण मापावर शीग ठेवतो, मंग घरच्या पोरीले सपाट माप देऊ का? म्हटलं, शीग राहू देऊ, गोळी जरा जोरात जाईन."

"अंजनी!" आबांनी कपाळावर हात मारला. "दारू हाय ते! तांदूळ नाई!"

"मले काय मालूम, बाप्पा," म्हणताना आजीचे डोळे भरले. आपण काय करून बसलो होतो, हे तिला आता कुठे कळत होतं. पोरीचं भलं व्हावं म्हणून हाताने वाढलेलं तिच्या जिवावर उठलं असतं.

प्रणोती उठून आजीपाशी जमिनीवर जाऊन बसली. मेथीच्या चार काड्या तिने उगाचच हातात घेतल्या.

"आजी, चूक माझीपण आहे. आबांना दिसत नाही, हे मला होळीपासून माहीत होतं. त्यांनी माझा चहा टेबलाच्या बाहेर ठेवला होता. तेव्हापासून मी प्रत्येक डब्यातले दोन-तीन काडतूस गुपचूप उकलून तोलत होते. दर वेळी वजन बरोबर यायचं. यावेळी घाई होती. तोलायचं राहून गेलं."

आबांनी हातातल्या पुंगळ्या खाली ठेवल्या.

"मले सांगितलं काहून नाई?" आबांनी विचारलं.

"तुम्ही काम सोडून दिलं असतं."

ते खरंच होतं. एकमेकांना जपता जपता या तिघांनी पोरीच्याच डोळ्यापाशी सुरुंग पेरून ठेवला होता, आणि तिघांपैकी एकाचाही हेतू वाईट नव्हता.

"चलो," प्रणोती उठली. "सगळा डबा उकलू. प्रत्येक काडतूस तोलून भरायचं. दारू मी तोलते. गोळी तुम्हीच बसवायची, आबा. तो हात दुसऱ्या कोणाचा मला चालणार नाही. आणि सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. बहाणे नाही चालणार."

आबा स्टूल ओढून गोळी बसवायच्या यंत्रापुढे बसले. प्रणोतीने पहिली दारू काट्यावर ओतली. जुन्या सवयीने आबा पुढे झुकले, आकड्यावर चेहरा नेला, मान तिरकी करून क्षणभर डोळे बारीक केले. मग ते सरळ होऊन बसले.

"वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच, बाई. मले दिसत नाई."