तपासणीपुरती वाजलेली घंटी

मी घंटी बोलतेय. देवळातली नव्हे, तिला मान असतो. शाळेतली नव्हे, ती वाजली की पोरं निदान पळतात तरी. मी नर्सिंग होममधली, पेशंटच्या खाटेपाशी भिंतीवर ठोकलेली. माझं बटण पेशंटच्या हाताशी आणि माझं तोंड, म्हणजे आवाजाचा डबा, पार पलीकडे सिस्टरांच्या खोलीत. मधे एक वायर. बोट लागायचं इथं आणि ओरडायचं तिथं, असा माझा संसार. वायर जोडलेली असेल तर मी घंटी, नाहीतर भिंतीला चिकटलेला प्लॅस्टिकचा तुकडा.

माझा जन्म सातपूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे मंजुषा नावाची मुलगी प्रत्येक घंटी वाजवून बघायची आणि मगच खोक्यात भरायची. माझी पाळी आली तशी मी असा काही आवाज लावला की ती दचकलीच. मग हसून शेजारणीला म्हणाली, "ही बघ गं, लय भांडकुदळ निघणार!" तिचं म्हणणं खरं झालं असतं तर किती बरं झालं असतं.

द्वारका चौकातल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून डॉक्टरांनी मला घेतलं. स्वतः आले होते, स्कूटरवर. एक्क्याण्णव साल असेल. नवं नर्सिंग होम, नवा रंग, भिंतीवर नवं घड्याळ. खोटं कशाला बोलू, तेव्हाचे डॉक्टर चांगले होते. मी वाजले की जेवणावरून उठून यायचे, उष्टा हात तसाच. "काय होतंय, आजोबा?" म्हणून खाटेच्या कडेला बसायचे. मला वाटायचं, आपलं नशीब उघडलं.

पण दवाखाना चालायला लागला. वरचा मजला चढला, खाटा वाढल्या, डॉक्टरांना मोटार आली. माणसं मात्र वाढली नाहीत. सगळ्या मजल्याला लताबाई एकट्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणायचे, पण नर्सिंग त्या कुठे शिकल्या नव्हत्या. बघून बघून हात बसला होता. इंजेक्शन त्यांनीच द्यायचं, सलाईन त्यांनीच बघायचं, बेडपॅन त्यांनीच. जोडीला एक वॉर्डबॉय, यादव. तो औषधं आणायला गेला की गेलाच.

मग मी वाजले की लताबाई वैतागायच्या. "आता काय मेलं!" म्हणायच्या. मला राग यायचा, पण त्यांचे सुजलेले पाय दिसले की माझा राग निम्मा व्हायचा. खरी अडचण खाली होती. माझा डबा जिथे होता तिथून आवाज डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत जायचा. बाहेरचे पेशंट विचारायचे, एवढं कोण बोंबलतंय? डॉक्टर एक दिवस कपाळ चोळत म्हणाले, "यादव, ते काढ रे. डोकं उठलंय माझं." यादवनं डब्यापाशी वायर ओढली. तोंड गेलं, हात राहिला. आमच्यातल्या सगळ्याच घंट्यांचं असं झालं.

मग पेशंटनी काय करायचं? तर नातेवाईकांनी थांबायचं. आपल्याकडे दवाखान्यात पेशंट एकटा कधी असतो का? कोणीतरी सून, कोणीतरी बहीण खाटेखाली चटई टाकून पडलेली असते. तीच पाणी पाजते, तीच सलाईन संपत आलं की धावत जाते. सगळं नर्सिंग होम त्या चटयांवर चाललं होतं, आणि बिलात मात्र चटईवालीचं नाव कुठे नसायचं.

अठ्ठ्याण्णव साली श्रावण संपता संपता कुसाबाई आल्या. मखमलाबादकडच्या मळ्यातल्या. जन्मभर झेंडू, शेवंती पिकवायची आणि पंचवटीत नेऊन विकायची, हे त्यांचं काम. गोठ्यात पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. पायाला दोरी बांधून खाटेच्या टोकाला वजन टांगलेलं. उठायचं नाही, वळायचं नाही, हाड जुळेस्तोवर असंच उताणं पडायचं. मुलगा दीपक एकलहऱ्याला वीज केंद्रात कामाला, त्याच्या पाळ्या बदलत्या. म्हणून सून उज्वला चटईवर.

कुसाबाईंनी पहिल्या दिवशी मला दाबून बघितलं. काहीच नाही. "मुकी हाय का काय ही?" म्हणाल्या. पण बाई हिकमती. उज्वला खाली डबा धुवायला गेली आणि काही लागलं, तर त्या स्टीलचा पेला घ्यायच्या आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर ठणाठणा वाजवायच्या. काय तो आवाज! लताबाई कानावर हात ठेवून पळत यायच्या. "आजी, पुरे करा हो, मेलेली माणसं उठतील!"

"तू उठलीस ना? मंग झालं," कुसाबाई म्हणायच्या.

मला त्या पेल्याचा हेवा वाटायचा. तो काही दुकानातून घंटी म्हणून आला नव्हता, पण माझं काम तो करत होता.

आणि मग तपासणी आली. नर्सिंग होमची नोंदणी नवी करायची म्हणजे साहेब येऊन बघून जाणार. कोणत्या दिवशी येणार, ते आधीच कळवून येणार. अहो, कळवून आलेल्या पाहुण्याला घरात पसारा कधी दिसतो का? आठवडाभर नुसती धांदल. भिंतींना चुना, चादरी नव्या. कुठूनशी एक शिकलेली नर्स एका दिवसापुरती आली, इस्त्रीचा पांढरा ड्रेस घालून. तिला बाथरूम कुठे आहे तेही ठाऊक नव्हतं. आग विझवायचा लाल सिलिंडर आणून माझ्या शेजारी खिळ्याला टांगला.

मी त्याला विचारलं, "कुठून आलास रे?"

"पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडून," तो म्हणाला. "काल त्यांची तपासणी झाली, आज तुमची. उद्या अजून एकीकडे जायचंय."

"आणि आग लागली तर?"

"ती बिचारी कळवून लागली तर येईन की," तो म्हणाला. मला हसूही आलं आणि चीडही.

सकाळी यादवनं माझी वायर जोडली. कित्येक वर्षांनी मला तोंड आलं! साहेब आले, हातात कागद. त्यांनी मला दाबलं. मी जीव तोडून वाजले. इस्त्रीवाली नर्स लगबगीनं आली. साहेबांनी कागदावर खूण केली आणि मान डोलावली. हीच नर्स उद्या इथे असेल का, एवढं एक विचारलं असतं तरी पुरलं असतं. नाही विचारलं.

चटई मात्र त्यांच्या डोळ्यांवर आली. "हे काय? नातेवाईक जमिनीवर झोपतात? इन्फेक्शन होतं. घंटी आहे, स्टाफ आहे, मग यांचं काय काम? भेटायच्या वेळेत येऊ द्या फक्त." बोलणं नियमाला धरूनच होतं. डॉक्टर लगेच म्हणाले, "आजपासूनच बंद करतो, सर."

मग साहेब कुसाबाईंकडे वळले. "काय आजी, काही त्रास?"

मी मनात म्हटलं, बोल बाई. आता बोल. माझी वायर आज जोडली ते सांग, पेला कशाला वाजवतेस ते सांग.

कुसाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "काय बी त्रास नाय बा. लय चांगली मानसं हायेत. तुमी चा घेतला का?"

साहेब खूश होऊन गेले. उज्वला हळूच म्हणाली, "अवो आत्या, सांगायचं ना, घंटी आजच जोडली म्हणून!"

"गप गं. ज्यांच्या हाताचं पाणी प्यायचं त्यांचं गाऱ्हाणं परक्या मानसापुढं करायचं व्हय? आपल्या घरचं कोणी असं बोललं तर तुला चालंल?" त्यांना तो साहेब पाहुणा वाटला. त्यांच्यासाठीच आला होता तो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आणि ध्यानात आणून देणार तरी कोण?

चटई त्याच दिवशी गुंडाळली गेली. उज्वला रडवेली झाली, पण दसरा तोंडावर होता, मळ्यात झेंडू तोडायला आलेला, माणसं मिळत नव्हती. दीपकनं आईचा हात धरून माझ्या बटणावर ठेवला. "आई, आता घंटी चालू झाली बघ. काय लागलं तर दाबायचं. लाजायचं नाय." कुसाबाईंनी दाबलं, मी वाजले. मायलेकरं लहान पोरांसारखी हसली. दुसऱ्या दिवशी लताबाईंनी पेला उचलला आणि प्लॅस्टिकचा ग्लास ठेवला. "आता ठणठणाट नको हं, आजी."

दोन दिवस मी वाजत होते. काय सांगू तुम्हाला ते सुख! कुसाबाई दाबायच्या, लताबाई कुरकुरत का होईना यायच्या. तिसऱ्या दिवशी तपासणीत पास झाल्याचा निरोप आला, डॉक्टरांनी पेढे वाटले, आणि पेढा खातखातच यादवला म्हणाले, "ते कर्कश प्रकरण बंद कर आता." यादवनं वायर ओढली.

कुसाबाईंना कोणी सांगितलं नाही. त्या इकडे खोलीत पडून, माझा डबा पलीकडे. त्यांना कसं कळणार? त्यांनी दाबलं, आणि थोड्या वेळानं लताबाई आपल्या कामानं, गोळी द्यायला आल्या. कुसाबाई म्हणाल्या, "आलीस बया. दाबलं न् आलीस. देव तुझं भलं करो."

लताबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. गोळी दिली आणि गेल्या. एक वाक्य, बाई! "आजी, घंटी बंद आहे, हाक मारा" एवढं एकच वाक्य. त्यांना अजून एक मागणं नको होतं, अजून एक ठणठणाट नको होता. मी त्यांच्या पायांची कीव करत होते, ती त्या दिवशी संपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, कुसाबाईंच्या छातीत कळ आली. शेजारची खाट रिकामी होती, तिथली बाई सकाळीच घरी गेली होती. कुसाबाईंना श्वास पुरेना. हाक मारायला तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. मग त्यांचा हात माझ्याकडे आला. झेंडूचे देठ खुडून खुडून काळं पडलेलं ते बोट. त्यांनी दाबलं.

आणि थांबल्या. माणसं काय पळतच यायला हवीत का, असा त्यांचा स्वभाव. तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "येत आसंल. तिला बी दोन घास खायचे आसत्याल." पुन्हा दाबलं. लताबाई पलीकडे डबा खाऊन टेबलावर डोकं टेकून पडल्या होत्या, हाकेच्या अंतरावर. माझा डबा त्यांच्या डोक्यावर टांगलेला, तोंड शिवलेला. मी काय काय केलं नसेल! आतल्या आत आक्रोश केला. घंटीचा आक्रोश वायरीशिवाय कुठे जातो?

कुसाबाईंनी ग्लास घेऊन दांडीवर आपटला. प्लॅस्टिक ते. टप् झालं आणि हातातून सुटलं. मग त्यांनी पुन्हा बोट माझ्यावर ठेवलं आणि दाबून धरलं. उचललंच नाही. कोणीतरी येणार याची त्यांना शेवटपर्यंत खात्री होती. आपलं बोट घंटीवर आहे, मग येणार नाहीत कसे? ते बोट सैल पडलं तेव्हा मला कळलं.

चहाच्या वेळी लताबाई आल्या आणि किंचाळल्या. डॉक्टर आले, नाडी बघितली. मग यादवला काहीतरी हळू बोलले. यादव सिस्टरांच्या खोलीत गेला. माझी वायर जोडली गेली.

संध्याकाळी उज्वला भेटायच्या वेळेला आली, हातात भाकरीचा डबा. पाठोपाठ दीपक, कामाच्या कपड्यांतच. दोघांचं रडणं मी सांगत नाही. रडून झाल्यावर दीपकनं विचारलं, "डॉक्टर, कोणी आलं कसं नाही?"

"अहो, वय झालं होतं. आणि त्यांनी बोलावलंच नाही. घंटी हाताशी होती की." डॉक्टरांनी पुढे होऊन मला दाबलं. "बघा. चालू आहे."

आणि मी वाजले. मेले मी! नाही वाजायचं म्हटलं, पण घंटीला नाही म्हणता येत नाही. माझ्याच तोंडून त्यांनी खोटं वदवलं. दीपक वीज केंद्रात काम करणारा माणूस, एरवी त्यानं आधी वायर बघितली असती. पण समोर आई निजलेली असताना कुणाला वायर सुचते? तो भिंतीला टेकला आणि म्हणाला, "किती सांगितलं होतं तिला, लाजू नको म्हणून. लाजली असंल. बेडपॅनलासुद्धा लाजायची." लताबाई दारात उभ्या होत्या. पदर तोंडात धरून उभ्याच राहिल्या.

पुढे नर्सिंग होम नव्या इमारतीत गेलं, लिफ्ट असलेल्या. या जुन्या जागेत आता कोणाचं तरी गोडाऊन आहे. रंगाऱ्यानं भिंत रंगवताना ब्रश माझ्यावरूनही फिरवला, बटण रंगात घट्ट बसलंय. आता कोणी दाबलं तरी मी हलणार नाही. एका अर्थी बरंच आहे.

तुम्ही कधी आपल्या माणसाला दवाखान्यात ठेवलंत आणि कोणी तुम्हाला घंटी वाजवून दाखवली, तर मान डोलावू नका. वाजणं सोपं असतं हो. तिथेच उभे राहा आणि कोण येतं ते बघा. उद्या पुन्हा या, न सांगता, आणि पुन्हा बघा.

आणि माझं एक काम करा. एकलहऱ्याच्या बाजूला कधी गेलात तर दीपकला शोधा. तो आता पोक्त झाला असेल. त्याला अजून वाटत असेल की आई लाजली, आईनं बोलावलंच नाही, सांगून सांगून ऐकलं नाही. त्याला म्हणावं, बाबा रे, तुझी आई लाजली नाही. तिनं तुझं ऐकलं होतं. तिनं घंटी दाबली होती.